पंचनाम्यापूर्वीची परीक्षा

दसरा उलटून दिवाळी तोंडावर आली, रात्री गार पडू लागल्या आणि वऱ्हाडातील पऱ्हाटी बोंडांनी लगडली, की अनेक शेतांत पाने कडेने तांबूस होऊ लागतात, पाहता पाहता सारे पान लाल होऊन गळून पडते, आणि ज्या बोंडांच्या भरवशावर कास्तकाराने मुलीच्या लग्नापासून सोसायटीच्या कर्जापर्यंतचे वायदे केलेले असतात, ती बोंडे पुरती भरण्याच्या आतच उमलतात. यास लोक लाल्या म्हणतात, आणि हा एक रोगच आहे अशा समजुतीने कृषी सेवा केंद्राची वाट धरतात.

वस्तुतः लाल्या ही बहुधा झाडाच्या उपासमारीची खूण असते. भरणारी बोंडे पानांतील नत्र आणि मॅग्नेशियम ओढून घेतात. हरितद्रव्याच्या रेणूच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियमच असल्यामुळे ते सरले की हिरवा रंग मावळतो व लाल वर येतो. परंतु तुडतुड्यांच्या उपद्रवानेही पाने लाल होतात. शेतात पाणी साचून राहिले किंवा ऐन वेळी ओल तुटली तरीही होतात. कारणे इतकी निराळी आणि रंग मात्र एकच असल्यामुळे, केवळ रंग पाहून निवाडा करणारा माणूस, मग तो कितीही अनुभवी असो, उपाशी झाडावर विष फवारून बसण्याचा संभव फार. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले, याचे ज्यास स्मरण आहे, त्यास अनावश्यक फवारणीची किंमत केवळ रुपयांत मांडवणार नाही.

हा निवाडा डोळ्यांवर सोपवून न देता झाडाकडूनच करून घेण्याचे साधन म्हणजे पान-देठ परीक्षण. फुलोऱ्याच्या सुमारास शेतात चहूकडे फिरून पंचवीस-तीस झाडांच्या मुख्य खोडावरील, शेंड्याकडून साधारण चौथे, नुकतेच पूर्ण वाढलेले पान खुडावयाचे, देठ लगेच वेगळे करावयाचे आणि दोन्ही कागदी पिशव्यांत भरून प्रयोगशाळेत धाडावयाचे, एवढाच त्याचा विधी. देठातील नायट्रेटवरून मुळांकडून नत्राचा पुरवठा आज किती चालू आहे हे समजते. पानावरून स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम व जस्त यांची स्थिती उमगते. अमेरिकेतील ॲरिझोना, आर्कान्सा या प्रांतांत कापसासाठी ही पद्धती कित्येक दशकांपूर्वीच रुजली.

येथे कोणी विचारील की, 2015 पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळत असता ही आणखी एक परीक्षा कशासाठी? माती कोठारात धान्य किती आहे ते सांगते; ताटात किती पडले हे पानासच विचारावे लागते. आपली काळी जमीन पुष्कळ ठिकाणी चुनखडीयुक्त असून तीत जस्त, लोह व स्फुरद असूनही झाडास दुर्लभ होतात, आणि पावसाने ताण दिला म्हणजे जमिनीतले अन्न मुळांपर्यंत पोहोचतच नाही. शिवाय त्या योजनेच्या निकषाप्रमाणे कोरडवाहू क्षेत्रात दहा हेक्टरांमागे मातीचा एक नमुना घेतला जातो. पाच एकरांच्या खातेदारास त्यात स्वतःच्या शेताचे प्रतिबिंब कितीसे दिसणार? परिणामी त्याच्या हाती उरतो तो अंदाज, आणि तो सवलतीच्या दरात मिळणाऱ्या युरियाच्या 45 किलोच्या गोणीकडे झुकतो. नत्राचा अतिरेक झाला म्हणजे झाड माजते, रसशोषक किडी वाढतात, आणि मॅग्नेशियमची किंवा पालाशची खरी उणीव तशीच राहते.

नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागाईतदार खरड छाटणीनंतर आणि पुन्हा फुलोऱ्याच्या वेळी देठ तपासून घेतल्याखेरीज खताचा हिशेब मांडीत नाहीत. विदर्भाचा कास्तकार त्यांच्याहून कमी शहाणा मुळीच नाही. त्याच्यापाशी भांडवल नाही, आणि त्याचे सारे गणित पावसाच्या लहरीवर टांगलेले आहे. म्हणूनच बागाईतदार जे स्वतःच्या पैशाने करतो, ते कोरडवाहू कापसासाठी सरकारने केले पाहिजे. एकाच सुमारास पेरलेल्या, एकाच वाणाच्या व एकसारख्या जमिनीच्या शेतांचे गट पाडून गटागणिक नमुने घ्यावेत. तालुक्याच्या ठिकाणी प्रयोगशाळा असावी. आणि अहवाल आठ दिवसांच्या आत, सुबोध मराठीत, शेतकऱ्याच्या हाती पडावा, कारण बोंडे भरून गेल्यावर आलेला अहवाल कितीही अचूक असला तरी तो दप्तरातच शोभतो. पावसाच्या खंडाने आकडे फसवे होतात, यास्तव नमुन्यासोबत ओलीची व किडीची नोंद हवी. आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था व अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांनी आकड्यांची प्रमाणके आपल्याच कोरडवाहू शेतांवर पारखून द्यावीत.

खर्चाची सबब येथे टिकण्यासारखी नाही. दरसाल नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा तीन पायऱ्यांनी पैसेवारी ठरविली जाते. अतिवृष्टी झाली की तलाठी बांधावर येऊन पंचनामा करतो, आणि मग मदतीची वाट पाहणे सुरू होते. ही व्यवस्था आवश्यक आहे, ती मोडावी असे आमचे म्हणणे नाही. परंतु गेलेल्या पिकाची मोजदाद करावयास ज्या सरकारजवळ माणसे, दप्तर आणि तारखा यांची तजवीज आहे, त्या सरकारास उभ्या पिकाची एक परीक्षा, ते अजून वाचविण्याजोगे असताना, करविता येऊ नये, हे मनास पटत नाही. सप्टेंबरात मॅग्नेशियमची उणीव कळली, तर एक टक्का मॅग्नेशियम सल्फेटच्या फवारणीने पुष्कळ सावरता येते. तीच उणीव दिवाळीत रानभर लाल होऊन दिसली, म्हणजे सावरण्यासारखे फारसे काही उरत नाही.