गोळ्या बंद करू का, भाऊ?



मागल्या रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या एक ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात पिशवी, पिशवीत सरकारी रुग्णालयाचा केसपेपर आणि गोळ्यांची अर्धी पाकिटं. म्हणाल्या, "भाऊ, पोरगं आता बरं आहे. कामावर जातंय, जेवतंय, हसतंय. लोक म्हणतात एवढ्या गोळ्यांनी किडन्या जातील. बंद करू का?"

मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झालेला कारकून आहे. पण केसपेपर वाचता येतो, आणि या पोराचं दुखणं मी पहिल्या दिवसापासून पाहिलेलं आहे, म्हणून हा विषय आज घेतला.

दोन वर्षांपूर्वी हा मुलगा रात्र-रात्र झोपेनासा झाला. रेडिओवरची माणसं आपल्याबद्दलच बोलतात असं म्हणू लागला. आईनं वाढलेल्या भातात विष आहे म्हणून ताट सारू लागला. घरच्यांनी पहिले सात महिने एका मांत्रिकाच्या पायरीवर घालवले. घरात बाबासाहेबांची तसबीर आणि दारात लिंबाचा उतारा! मी रागावून बोललो, तेव्हा मुलाचे वडील एवढंच म्हणाले, "बुडत्याला काय दिसतं, भाऊ?" त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. अखेर एका शेजाऱ्यानं त्यांना रुग्णालयाची वाट दाखवली.

या आजाराला स्किझोफ्रेनिया म्हणतात, मराठीत छिन्नमनस्कता. शंभर माणसांत सुमारे एकाला, किंवा त्याहून थोड्या कमी लोकांना, आयुष्यात कधीतरी तो होतो. बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो, म्हणून आईबापांना वाटतं पोरगं बिघडलं, प्रेमात पडलं, कुणी काही खाऊ घातलं. त्या सात महिन्यांची किंमत किती असते, हे नॉर्वेतल्या एका प्रयोगात दिसलं. तिथल्या एका भागात वर्तमानपत्रं, रेडिओ आणि शाळांमधून या आजाराची लक्षणं लोकांना सांगत राहिले आणि तपासणी सोपी केली. तिथे रुग्ण साधारण पाच आठवड्यांत उपचारापर्यंत पोचू लागले, जिथे असा प्रचार नव्हता तिथे सोळा आठवडे लागत. दहा वर्षांनी पाहिलं तर लवकर गाठलेल्या भागात पूर्ण सावरलेल्यांचं प्रमाण दुसऱ्या भागाच्या दुप्पट होतं. औषधं दोन्हीकडे सारखीच होती.

आता कारण. ताईंचा दुसरा प्रश्न तोच होता, जरा हळू आवाजात विचारलेला : "माझंच काही चुकलं का?" भगिनींनो, १९४८ साली एका नामांकित डॉक्टरबाईंनीच लिहून ठेवलं होतं की आईच्या वागण्यानं हा आजार होतो. पुढे कित्येक वर्षं जगभरच्या आयांनी हे ओझं वाहिलं. ते मत आज टाकून दिलेलं आहे. २०२२ साली पंचाहत्तर हजारांहून जास्त रुग्णांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या जनुकांमधल्या २८७ जागा सापडल्या, ज्यांतला प्रत्येक बदल धोका थोडा थोडा वाढवतो. म्हणजे एकच एक 'वेडाचं जनुक' नाही. आईवडिलांपैकी एकाला आजार असला तरी दहांतली नऊ मुलं निरोगी राहतात. म्हणून लग्न जुळवताना 'त्यांच्या घराण्यात आहे' म्हणून मुलीला नाकारणाऱ्यांनी हा हिशोब जरा करावा.

जनुकांवर बाकीच्या गोष्टींची भर पडते. गर्भारपणातले, बाळंतपणातले त्रास, लहानपणी सोसलेला छळ, आणि गांजा. स्वीडनमध्ये सैन्यभरतीला आलेल्या पंचेचाळीस हजारांवर तरुणांना पंधरा वर्षं पाहिलं गेलं. पन्नासहून जास्त वेळा गांजा ओढलेल्यांना हा आजार इतरांच्या मानानं सुमारे सहापट झाला (१९८७). नंतरच्या हिशोबात आकडा काहीसा खाली आला, पण संबंध पुसला गेला नाही. नाक्यावर चिलीम फिरवणाऱ्या आमच्या पोरांना हे कुणी सांगत नाही.

आता गोळ्यांकडे येतो. १९५२ साली पॅरिसच्या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरलं आणि वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेली माणसं बोलू लागली. तेव्हापासूनची जवळजवळ सगळी औषधं मेंदूतल्या डोपामाइन नावाच्या रसायनाला आवर घालतात. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदाच वेगळ्या वाटेनं जाणाऱ्या औषधाला मान्यता मिळाली, मात्र त्यानं मळमळ, उलटीचा त्रास होतो. ताईंच्या पोराला त्याची गरजही नाही. त्याला जुनंच, स्वस्त औषध लागू पडलेलं आहे.

मग बंद का करू नये? पासष्ट चाचण्या एकत्र करून २०१२ साली हिशोब मांडला गेला. गोळ्या चालू ठेवलेल्या शंभरांतल्या २७ जणांना वर्षभरात आजार उलटला. बंद केलेल्यांत हा आकडा ६४ होता. उरलेले ३६ गोळ्यांशिवायही टिकले हे खरं, पण आपलं पोरगं त्या ३६ मध्ये आहे की ६४ मध्ये, हे आधी ओळखता येत नाही. एकदम बंद न करता हळूहळू कमी केलं तर काय होतं, हेही इंग्लंडमध्ये २५३ रुग्णांवर तपासलं गेलं (२०२३). दोन वर्षांनी पाहता माणसांतला वावर काही सुधारला नव्हता, आणि जबर उलटलेले रुग्ण मात्र शंभरात २५ निघाले. औषध पूर्ववत घेणाऱ्यांत ते १३ होते.

हे आकडे मी ताईंना सांगत होतो, तेवढ्यात मुलगा स्वतःच आला. म्हणाला, "काका, हात थरथरतात. कामावर पोरं नक्कल करतात. वजन बारा किलो वाढलं. सकाळी उठवत नाही. तुम्ही खाऊन बघा एक गोळी." किडनीची भीती शेजाऱ्यांची होती, खरं दुखणं हे होतं. डॉक्टरांना सांगितलंस का, विचारलं, तर म्हणाला, "तिथे एवढी गर्दी, दोन मिनिटांत कागद हातात देतात."

हे मात्र बदलता येतं. थरथर असेल तर मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. वजन आणि साखर मोजत राहावी लागते. रोजची गोळी नकोशी झाली तर महिन्याला एक इंजेक्शन असाही उपाय आहे. पण हे सगळं बोलल्याशिवाय होत नाही. म्हणून आम्ही कागदावर त्याच्या चार तक्रारी लिहून काढल्या. दोन मिनिटं तर दोन मिनिटं, कागद पुढे करायचा.

घरच्यांसाठीही एक गोष्ट आहे. लंडनमध्ये असं आढळलं, की ज्या घरात रुग्णाला सारखं टोचून बोलतात तिथे आजार लवकर उलटतो. हाच अभ्यास चंदीगडमध्येही झाला (१९८७). तिथे अशी टोचणारी घरं लंडनच्या मानानं कमी निघाली. आपल्या घरांत माणूस माणसाला सांभाळून घेतो, ही आपली मिळकत आहे. पुढे गोवा, सातारा आणि तमिळनाडूत २८२ रुग्णांचा अभ्यास झाला (२०१४). गावातलीच, थोडं प्रशिक्षण घेतलेली माणसं घरी येत राहिली, तेव्हा नुसत्या दवाखान्यातल्या उपचारापेक्षा रुग्णाचा निभाव जरा बरा लागला. फार मोठा फरक नव्हे, पण फरक पडला.

कारकून म्हणून दोन-तीन कागदी गोष्टी सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी ठिकाणी मोफत उपचाराचा हक्क आहे, कार्ड हाताशी नसलं तरी. रुग्णाला साखळीनं बांधणं याच कायद्यानं बंद केलं. २००१ साली तमिळनाडूत एर्वाडीला आग लागली तेव्हा साखळ्यांतली २८ माणसं जळून मेली होती, ते आठवावं. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात मानसिक आजार धरला आहे. सरकारी नोकरीत असताना आजार झाला तर त्यापायी नोकरीवरून काढता येत नाही, हुद्दाही उतरवता येत नाही. राजीनामा लिहून द्यायला कुणी सांगितलं तर सही करू नका, आधी कुणाला तरी दाखवा. आणि १४४१६ हा टेलिमानसचा फोन २०२२ पासून चालू आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

ताईंचा मुलगा कागद घडी करून खिशात घालून गेला. मंगळवारी ओपीडी आहे. त्या दिवशी मी कचेरीत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. रांग लावायला पहाटे सहाला निघायचं ठरलंय. तोवर गोळ्या चालू.