लांबीखालचा गंज
कोकणात जुन्या मारुती ८००चा तळ गंजला की भोकावर लांबी भरून रंग मारतात. गाडी विकायची असेल तर झकास उपाय! पण हिला वेगळी चासी नाही. पत्राच भार पेलतो, म्हणून तिथे वेल्डिंगच हवं. घरी वेल्डिंग केलं की पत्रा जळून भोक वाढतं, हा आक्षेप रास्त आहे. जेमतेम मिलिमीटरभर पत्र्यावर साधं आर्क वेल्डिंग चालवलं तर दुसरं काय होणार? चकचकीत पत्रा लागेपर्यंत गंजका भाग कापावा, मिग वेल्डिंगने दूरदूर टाके मारावेत, मधे पत्रा निवू द्यावा. आगीची भीती मात्र खरी : पेट्रोलची टाकी उतरवल्याशिवाय, बॅटरी सोडवल्याशिवाय ठिणगी पाडू नये. जोडाला आतून मेण लावायचं राहिलं, तर दमट हवेत गंज पुन्हा तिथूनच धरतो.