पाहुणा संघ आणि यजमान गाव

२०२५ च्या ऑक्टोबरात हैदराबाद फुटबॉल क्लब हा देशातील अव्वल व्यावसायिक साखळीत खेळणारा संघ आपले बिऱ्हाड उचलून दिल्लीस गेला आणि ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ या नव्या नावाने ओळखला जाऊ लागला. दिल्लीतील फुटबॉलप्रेमींनी त्याचे आनंदाने स्वागत करावे, हे स्वाभाविकच होय. त्यांच्या नगराचे नाव मिरविणारा दिल्ली डायनॅमोज हा संघ २०१९ साली भुवनेश्वरला गेला आणि तेथे ‘ओडिशा एफसी’ झाला, तेव्हापासून या साखळीत दिल्लीच्या नावाचा संघच उरला नव्हता. परंतु एका नगराच्या वेशीवर स्वागताचे ढोल वाजतात, तेव्हा दुसऱ्या नगरात कोणाचा तरी मुकाट निरोप झालेला असतो. या दुसऱ्या बाजूचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही.

हा संघ मुळात महाराष्ट्राचा. २०१४ साली ‘एफसी पुणे सिटी’ या नावाने तो जन्मास आला आणि बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात खेळू लागला. २०१७-१८ च्या हंगामात त्याने उपान्त्य फेरी गाठली. पुढे मालकांची आर्थिक घडी विस्कटली आणि २०१९ साली संघाचा हक्क हैदराबादच्या नव्या मालकांकडे गेला. पुणेकरांना हा अनुभव नवा नव्हता. पुणे एफसी आणि भारत एफसी २०१५ साली, तर डीएसके शिवाजियन्स २०१७ साली राष्ट्रीय पातळीवरील व्यावसायिक फुटबॉलमधून बाहेर पडले होते. चार वर्षांत चार संघ गमावणाऱ्या नगराने पाचव्याच्या स्वागतास कोणत्या उमेदीने जावे?

हैदराबादेत या संघास आपलेपणाने स्वीकारण्यास सबळ कारण होते. ज्या प्रशिक्षकाच्या हाताखाली भारताने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळविला आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, ते सय्यद अब्दुल रहीम याच नगराचे. पहिल्या हंगामात संघ तळाशी राहिला. पुढचे दोन हंगाम करोनामुळे सारे सामने गोव्यातच झाले; आणि २० मार्च २०२२ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर केरळ ब्लास्टर्सला हरवून हैदराबादने विजेतेपद मिळविले. आपल्या नगरात दोन वर्षे एकही सामना न पाहता तेथील चाहत्यांनी या संघावर प्रेम केले. त्याचे फळ काय मिळाले? पैसा आटला, खेळाडू पांगले, २०२३-२४ मध्ये संघ पुन्हा तळाशी गेला, मालकी बदलली आणि अखेर संघही गेला.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाने या उठाठेवीत का पडावे, असे कोणी विचारील. नकाशा पाहिला तर उत्तर सापडते. राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि आजही चंद्रपूरकरांना पुण्यापेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ आहे. म्हणजे पुण्याचा संघ राज्याबाहेर गेला तेव्हा तो आपल्या जवळच आला होता! पुढे तो दिल्लीस गेला, तोही बल्लारशाहवरून जाणाऱ्या लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला. आपण मात्र दोन्ही वेळा फलाटावर उभ्या असलेल्या, गाडीशी कसलेच नाते नसलेल्या माणसासारखे होतो.

या भटकंतीचे मूळ साखळीच्या घडणीतच आहे. खालच्या साखळीतील विजेत्यास वर घेण्याची प्रथा अलीकडे सुरू झाली असली, तरी बहुतेक संघ मैदानावरील पराक्रमाने नव्हे, तर शुल्क भरून मिळविलेल्या हक्काने उभे राहिले. हक्क मालकाचा, नाव गावाचे आणि प्रेम प्रेक्षकांचे, अशी ही विभागणी आहे. यांपैकी खरेदी-विक्री केवळ हक्काचीच होते. नाव पुसले जाते आणि प्रेमाची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही. मालक तोटा सोसतो, त्यास जन्मभर बांधून कसे ठेवणार, हा युक्तिवाद चुकीचा नाही. मालकाने खुशाल जावे. पण जाताना त्याने गावाचे सर्वस्व घेऊन जाऊ नये, एवढेच म्हणणे आहे.

हे अशक्य नाही. लंडनच्या विम्बल्डन भागातील संघास ९० किलोमीटरांवरील मिल्टन किन्सला नेण्याची परवानगी २००२ साली मिळताच तेथील चाहत्यांनी त्याच वर्षी स्वतःच्या मालकीचा नवा संघ काढला. अगदी खालच्या पायरीपासून चढत तो २०११ साली व्यावसायिक साखळीत पोहोचला आणि २०२० साली आपल्या जुन्या वस्तीतल्या नव्या मैदानावर परतला. जर्मनीत तर काही अपवाद सोडता संघातील बहुमताचा हक्क सभासदांकडेच राहावा असा नियम आहे. आपल्याकडेही, मोहन बागानच्या नावापुढे जोडलेली ‘एटीके’ ही अक्षरे चाहत्यांच्या सततच्या विरोधानंतर २०२३ साली गळाली. ज्या संस्थेची मुळे १८८९ पासून सभासदांत रुजली आहेत, तिच्या चाहत्यांच्या शब्दाला वजन येते.

खरे तर या तत्त्वासाठी परदेशी जाण्याचीही गरज नाही. दिवाळीनंतर होळीपर्यंत आपल्या झाडीपट्टीत वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात. प्रयोग रात्रभर रंगतो आणि पहाटे कंपनी पुढच्या गावी निघून जाते. पण त्यामुळे कोणतेही गाव पोरके होत नाही. कारण कंपनी पाहुणी असली, तरी तिला बोलावणारे मंडळ गावाचे असते. मांडव, तिकीटविक्री, हिशेब आणि जमाखर्चाची जबाबदारी गावाकडेच राहते. ज्या परंपरेतील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती अशा मंडळांच्या बळावरच टिकली आहे. आपल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये कंपन्या पुष्कळ आहेत. उणीव आहे ती मंडळांची.

बल्लारपूरजवळ विसापूरला क्रीडासंकुल उभे राहिले आहे. २०२३ च्या डिसेंबरात तेथे राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धाही झाल्या. कोळसा, सिमेंट, कागद आणि आता सुरजागडचे लोहखनिज यांवर चालणारे उद्योग या दोन जिल्ह्यांत आहेत. उद्या एखाद्या उद्योगाने जिल्ह्याच्या नावाचा संघ आणला, तर आपण त्याचे मनापासून स्वागत करावे. मात्र हार घालण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. संघाचे नाव, रंग आणि चिन्ह स्थानिक सभासदांच्या संस्थेकडे राहावे. उत्पन्नाचा ठरावीक भाग आश्रमशाळांच्या मैदानांवर आणि तेथील प्रशिक्षकांवर खर्च व्हावा. संघ हलवायचा झाल्यास सभासदांना एक पूर्ण हंगाम आधी सूचना मिळावी.

कोळशासाठी ज्यांची गावे उठली, त्या जिल्ह्यास स्थलांतराचा अर्थ कोणी नव्याने शिकविण्याची गरज नाही. वर काढलेला कोळसा मालगाडीने परगावी जातो, याची आपल्याला सवय झाली आहे. मुलांनी जीव लावलेला संघही तसाच जाऊ द्यायचा की नाही, याचा विचार तो येण्याआधीच व्हावयास हवा. कारण स्वागताच्या गर्दीत अटींची आठवण कोणालाच राहत नाही.