नऊशे मीटरसाठी गाडी कशाला?



जूनच्या मध्यावर शाळा उघडतील. वह्या, दप्तर, रेनकोट यांची यादी घरोघरी झालीच असेल. त्याबरोबर एक गोष्ट घरात आत्ताच बोलून घ्यावी म्हणून लिहिते आहे. पहिली ते चौथीतली आपली मुले शाळेत जातात कशी? आमच्याकडे सांगलीत, विश्रामबागच्या बाजूला, बहुतेक घरांतून उत्तर येते, 'गाडीने'. शाळा अगदी जवळ असली तरी गाडीनेच. माझे मत स्पष्ट आहे. किलोमीटरभराच्या आतली मुले चालत जावीत आणि त्याहून लांबची चार घरांची मुले एका गाडीत जावीत.

मी बी.कॉम. झालेली बाई, त्यामुळे आधी हिशेब. माझ्या नातवाची शाळा घरापासून नऊशे मीटरवर आहे. गाडी सकाळी जाऊन येते, दुपारी पुन्हा जाऊन येते. म्हणजे रोजचे ३.६ किलोमीटर. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाचे किमान २०० दिवस शाळा भरायला हवी. झाले ७२० किलोमीटर. गार इंजिन, गल्लीबोळ आणि गेटवरची रांग धरली तर गाडी लिटरला दहाच्या वर देत नाही. ७२ लिटर पेट्रोल, लिटरचा भाव शंभराच्या वर, म्हणजे साडेसात हजार रुपये. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर्षाचा तो १६५ किलो झाला, एका मुलाचा, नऊशे मीटरसाठी. आणि वेळ? नातू चालत चौदा-पंधरा मिनिटांत पोचतो. गाडी बाहेर काढणे आणि गेटवरची गर्दी धरली तर गाडीने फार तर चार मिनिटे वाचतात.

पैशाचे मी फार ताणत नाही. साडेसात हजारांनी कुणाचे घर बसत नाही. मला खुपते ते शाळेचे गेट. नऊला दहा कमी असताना एकदा तिथे उभ्या राहून बघा. उलट्या बाजूने घुसलेली गाडी, मागे घेणारी गाडी, मध्येच थांबून मूल उतरवणारी स्कूटी, आणि या सगळ्यांतून वाट काढणारी गुडघ्याएवढी मुले. 'रस्त्यावर किती गाड्या! मुलाला चालत कसे पाठवू?' असे म्हणून आपण जी गाडी काढतो, तीच त्या गर्दीत आणखी एक होते.

आणि त्या गर्दीतून चालत कोण जाते, हेही बघा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी तिसरीत आहे. ती याच रस्त्याने महानगरपालिकेच्या शाळेत जाते, रोज, एकटी. रस्त्यावरचा धोका आपण आपल्या मुलापुरता काचेआड टाळतो आणि तिच्या वाट्याला थोडा जास्त ठेवतो. पाणी गाळून पिणाऱ्या, मुंगी दिसली तर पाऊल बाजूला टाकणाऱ्या आपण. याचा विचार आपण नाही करायचा तर कोणी करायचा?

सूनबाईंचे म्हणणेही मी खोटे ठरवत नाही. फुटपाथ आहेत तिथे टपऱ्या आहेत, कुत्री आहेत, मुलींची काळजी वेगळीच. सकाळी डबे, आवराआवर आणि पुन्हा ऑफिस गाठायचे. तिला 'आमच्या वेळी आम्ही चालत जात होतो' हे ऐकवण्यात काही अर्थ नाही. आमच्या वेळी रस्त्यावर टांगा आणि सायकली होत्या, गल्लीतले प्रत्येक दार उघडे असायचे आणि प्रत्येक दारातली काकू आम्हाला नावाने ओळखायची. मूल एकटे चालत नव्हते, गल्ली बरोबर असायची. आज ती सोबत आपल्यालाच उभी करावी लागेल.

ती कशी करायची हे आपल्या समाजाला शिकवावे लागत नाही. मुनिसंघाचा किंवा आर्यिका माताजींचा विहार असला की आपण काय करतो? आदल्या दिवशी रस्ता ठरतो. तरुण मुले चमकती जाकिटे घालून निघतात, कोणी पुढे झेंडा घेऊन, कोणी मागे, वाहनांच्या बाजूला कोण चालणार तेही ठरलेले. कमंडलू कोणाच्या हाती ते ठरलेले. पुढच्या गावचे श्रावक शिवेवर सामोरे येतात आणि मगच आधीचे मागे फिरतात. विहारात वाहनाची धडक बसल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत, त्या ऐकूनच ही व्यवस्था काटेकोर झाली. भोजचे आचार्य शांतिसागर महाराज शंभर वर्षांपूर्वी दक्षिणेतून पायी सम्मेदशिखरजीला आणि पुढे दिल्लीपर्यंत गेले, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. आणि सांगतो कुठे, तर गाडीत बसवून शाळेत नेताना!

हीच व्यवस्था मुलांसाठी करू या. एका कॉलनीतली आठ-दहा मुले, पुढे एक मोठे माणूस, मागे एक. ठरलेली वेळ, ठरलेली तीन ठिकाणे, वर्गाच्या दाराशी बाईंच्या ताब्यात मुले दिली की आपण मोकळ्या. परदेशात हे नवे नाही. जपानमध्ये प्राथमिक शाळेतली मुले वस्तीवस्तीचे गट करून चालत जातात, पुढे वरच्या वर्गातले मूल असते. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड एंगविक्ट यांनी १९९० च्या दशकात 'चालती बस' ही कल्पना मांडली आणि ती इंग्लंडमध्ये चांगली रुजली.

माणसे कुठून आणायची, तर वार लावून. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, तसे आपण वार लावून पोचवायचे. सहा घरे, आठवड्याचे सहा दिवस, रोज दोघे म्हणजे बारा खेपा. प्रत्येक घराला आठवड्यात दोनच सकाळी येतात, चार सकाळी मोकळ्या. त्यातली एक खेप आजी किंवा आजोबांनी घ्यावी. आजोबांनी तर घ्यावीच, सकाळी फिरायला म्हणून जातातच ना, मग कट्ट्यावर बसण्याऐवजी शाळेपर्यंत जावे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा राज्य सरकारचा आदेश २०२४ मध्ये निघाला. ज्या शाळा तो पाळतात तिथे मंदिर, नाश्ता उरकून निघायला वेळ मिळतो.

शाळा लांब असेल तर याच पद्धतीने गाडीचे वार लावावेत. तीन-चार मुले, प्रत्येकाला पट्टा लावून जागा, आणि गेटपासून शंभर पावलांवर उतरवणे. स्कूटीवर मात्र हे चालणार नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणे चालवणाऱ्याच्या मागे एकच माणूस बसू शकते आणि चार वर्षांपुढच्या मुलालाही हेल्मेट लागते. पुढे एक उभे, मागे एक, मध्ये दप्तर, अशी वरात मी रोज बघते आणि णमोकार म्हणते.

सायकलीबद्दल थोडक्यात. चौथीपर्यंतच्या मुलाला मी आपल्या रस्त्यांवर एकटे सोडणार नाही. सुटीत कॉलनीच्या आत शिकू दे, पुढे मोठ्यांबरोबर जाऊ दे. सांगली-मिरज रस्ता तर अजिबात नको.

दप्तराचे ओझे हा खरा अडसर आहे. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको असे म्हटले आहे. बावीस किलोच्या मुलाला सव्वादोन किलोसुद्धा जास्तच. एकदा घरी काट्यावर ठेवून बघा आणि आकडा घेऊन पालकसभेत बोला. 'जड आहे' म्हटले तर बाई हसतात, आकडा सांगितला की लिहून घेतात.

चालायला शिकवावेही लागते. ईर्यासमितीत चार हात पुढची जमीन बघून चालायला सांगितले आहे, तीच सवय मुलाला लावा. खड्डाही दिसतो आणि गोगलगायही. मात्र रस्ता ओलांडताना मान वर. फुटपाथ नसेल तिथे उजव्या कडेने चालायचे, म्हणजे येणारी गाडी समोरून दिसते. पावसाळ्यात छत्रीपेक्षा रंगीत रेनकोट बरा, छत्रीने पुढचे दिसत नाही.

आमच्या कॉलनीत चार घरे तयार आहेत. मावशींच्या मुलीला रांगेत घ्यायचे का, यावर दोघींनी जरा तोंड वाकडे केले. 'तिची शाळा वेगळी' म्हणे. शाळा वेगळी असली तरी रस्ता तोच आहे आणि तिची शाळा दीडशे पावले अलीकडे लागते. ती येणार हे मी तिच्या आईला सांगूनही टाकले आहे. आता दोन घरे हवी आहेत, म्हणजे वार पुरे होतील. रविवारी मंदिरात अभिषेकानंतर मी ओवरीत बसते, तिथे भेटा. येताना मुलाच्या दप्तराचे वजन करून या.