नकाशा हातात, फोन खोलीत

एक साधा प्रश्न. मेसपासून लायब्ररीला जायचे रस्ते किती? फर्स्ट इयरचा मुलगा सांगेल, एक. थर्ड इयरचा सांगेल, तीन. वर्कशॉपच्या मागून जाणारा चौथा रस्ता फक्त ज्यांची अटेंडन्स धोक्यात आहे त्यांनाच माहीत असतो. यातला सगळ्यात कमी वेळाचा कोणता, यावर आपल्या होस्टेलमध्ये रात्री दोनपर्यंत वाद होऊ शकतो. युरोपातल्या लोकांनी या वादाचा चक्क खेळ केलाय आणि त्याचं जागतिक अजिंक्यपदही भरतं. खेळाचं नाव ओरिएंटिअरिंग.

नाव अवघड असलं तरी खेळ दोन मिनिटांत सांगता येतो. एका हातात नकाशा, अंगठ्याला होकायंत्र. नकाशावर जांभळ्या रंगात एक त्रिकोण असतो, तिथून सुरुवात. मग नंबर टाकलेली वर्तुळं, आणि शेवटी एकात एक अशी दोन वर्तुळं, तिथे संपलं. प्रत्येक वर्तुळाच्या मध्यावर प्रत्यक्ष जमिनीवर एक पांढरं-केशरी निशाण टांगलेलं असतं. बोटाला बांधलेली चिप तिथल्या डबीला लावली की नोंद झाली. निशाणं क्रमानेच घ्यायची, एक जरी चुकलं तरी बाद. दोन निशाणांमधला रस्ता कोणता घ्यायचा हे मात्र ज्याचं त्याने ठरवायचं. फोन चालत नाही. नकाशा सुरुवातीच्या क्षणी हातात पडतो, आधी नाही. मोठ्या स्पर्धा जिथे व्हायच्या असतात त्या भागात खेळाडूंनी आधी जाऊन सराव करायलाही बंदी असते. म्हणजे पेपर फुटायची सोयच नाही!

हा खेळ मूळचा उत्तर युरोपातला. सगळ्यांसाठी खुली अशी पहिली स्पर्धा ३१ ऑक्टोबर १८९७ ला नॉर्वेत, आजच्या ऑस्लोजवळ झाली. पुढे १९१९ मध्ये स्वीडनच्या मेजर अर्न्स्ट किलांडर यांनी स्टॉकहोमजवळ मोठी स्पर्धा भरवली आणि खेळाला आजचं वळण दिलं. आंतरराष्ट्रीय महासंघ १९६१ मध्ये स्थापन झाला आणि पहिलं जागतिक अजिंक्यपद १९६६ मध्ये फिनलंडमधल्या फिस्कार्सला झालं.

आता येतो खरा मुद्दा. २०१९ पासून जागतिक अजिंक्यपदाची वाटणी झाली. विषम वर्षी जंगल, सम वर्षी शहर. कोविडमुळे २०२० ची शहरी स्पर्धा २०२२ मध्ये डेन्मार्कला घ्यावी लागली, पण क्रम तोच राहिला. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडचे डोंगर, २०२४ मध्ये एडिंबरा, २०२५ मध्ये फिनलंडमधल्या क्वोपिओचं जंगल आणि २०२६ साठी इटलीतलं जेनोआ शहर. युरोपीय अजिंक्यपद याच्या बरोबर उलट चालतं, तिथे सम वर्षी जंगल असतं. म्हणजे एकाच मोसमात खेळाडूला जेनोआच्या बोळांचीही तयारी करायची आणि झाडीचीही. आपल्याकडे एकाच आठवड्यात एम-थ्री आणि वर्कशॉपचं सबमिशन येतं, तसंच काहीसं.

दोन्हीकडे नकाशा वाचायचा असला तरी अभ्यासक्रम वेगळा आहे. जंगलातल्या लांब शर्यतीचा नकाशा १:१५००० चा, म्हणजे एक सेंटिमीटरला १५० मीटर. पुरुषांची शर्यत जिंकायलाही दीड तास लागतो. पांढरा रंग म्हणजे पळता येईल असं रान, हिरवा जितका गडद तितकी झाडी दाट, तपकिरी रेषा म्हणजे कॉन्टूर. शहरातला नकाशा १:४००० चा, एक सेंटिमीटरला ४० मीटर, आणि शर्यत पंधरा मिनिटांच्या आत संपते. तिथे दर काही सेकंदांनी डावं की उजवं हे ठरवावं लागतं. जेनोआचं जुनं शहर म्हणजे समुद्रकाठच्या चढावर वसलेली अरुंद बोळांची आणि पायऱ्यांची जाळी आहे. त्यात भर म्हणजे नकाशावर भिंतीची रेघ जाड काळी असेल तर ती ओलांडायचीच नाही, मग ती कंबरेएवढी का असेना. ऑलिव्ह रंग म्हणजे कुणाची तरी खासगी बाग, तिथे पाय पडला की बाद. कंपाउंडवरून उडी मारणं हा जन्मसिद्ध हक्क समजणाऱ्या आपल्यासारख्यांची तिथे पहिल्याच निशाणाला विकेट जाईल. (जाता जाता, कोलंबस याच जेनोआचा. भारताचं निशाण शोधायला निघाला आणि अमेरिकेच्या निशाणाला चिप लावून आला. आजच्या नियमाने बाद!)

या वाटणीवर खेळातल्या लोकांमध्ये मतभेद आहेत. जुन्या वळणाच्या मंडळींचं म्हणणं, शहर म्हणजे डांबरावरची पळापळ, खरी कसोटी जंगलातच लागते, आणि अशाने जंगलाचं जागतिक अजिंक्यपद दोन वर्षांतून एकदाच उरलं. माझं मत थोडं वेगळं आहे. शहरातली शर्यत हलकी नाही, ती वेगळी आहे. आणि तिचा मोठा गुण म्हणजे ती कुठेही घेता येते. फिनलंडसारखं जंगल जगात किती देशांकडे आहे? पण गल्ल्या, जिने, बोळ, कॉलेजचे कॅम्पस सगळ्यांकडे आहेत. शहरी स्प्रिंट रिलेमध्ये दोन मुली आणि दोन मुलगे अशा चौघांचा संघ असतो, पहिला आणि शेवटचा टप्पा मुलींचा. इतक्या बरोबरीचा खेळ आपल्या गॅदरिंगमध्ये एक तरी दाखवा.

पण जंगलवाल्यांची एक गोष्ट मला पूर्ण पटते. २००९ मध्ये हंगेरीत मिश्कोल्त्सला पुरुषांची रिले चालू होती. शेवटच्या टप्प्यात आघाडीच्या घोळक्यात पळताना स्वीडनच्या मार्टिन योहान्सनच्या मांडीत झाडाची फांदी खोल घुसली. त्याच्याबरोबर पदकासाठी पळणारे तिघे, फ्रान्सचा तिएरी जॉर्जिऊ, नॉर्वेचा आंदर्स नूर्दबर्ग आणि चेकचा मिखाल स्मोला, शर्यत सोडून त्याच्यासाठी थांबले. सुवर्ण स्वित्झर्लंडला गेलं. दोन वर्षांनी, २०११ मध्ये, फ्रान्समध्येच झालेल्या स्पर्धेत जॉर्जिऊच्या संघाने रिलेचं सुवर्ण घेतलं, ही नंतरची गोष्ट. रानात आजूबाजूला कुणी नसतं, तेव्हा जो जवळ आहे त्यानेच थांबायचं असतं, हे त्या तिघांना कुणी सांगावं लागलं नाही. हा धडा गावात मिळणार नाही, म्हणून जंगल सोडून चालणार नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं फिनलंडचं आणि इटलीचं झालं, आपला काय संबंध? सांगतो. गेल्या पावसाळ्यात आम्ही सात जण खिरेश्वरहून टोलार खिंडीने हरिश्चंद्रगडाला निघालो. खिंडीवरचा कातळ चढून वर आलो आणि धुकं उतरलं. पुढे टेकडीमागून टेकडी, सगळ्या सारख्याच. फोनवर निळा ठिपका दिसत होता, पण रेंज नसल्याने ठिपक्याखालचा नकाशा कोराच. थोड्या वेळाने पावसाने फोनही गेला. तीन तास चालून आम्ही पुन्हा त्याच दगडापाशी आलो तेव्हा एकजण रडकुंडीला आला होता (नाव सांगत नाही, तो हे पान वाचणार आहे). शेवटी गुरं शोधायला आलेले एक मामा भेटले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पोरांनो, पाणी कुठल्या अंगाला वाहतंय ते बघितलं का?"

नव्हतं बघितलं. आमच्या सातातले चार जण सिव्हिलचे होते. कॉन्टूर काढून, जर्नल तपासून घेऊन, व्हायवात मार्क मिळवून बसलेले.

हे मला जास्त लागलं. कॉन्टूर आम्हाला परीक्षेपुरती येते, पायांना येत नाही. दरवर्षी एसईची बॅच याच कॅम्पसचा सर्व्हे करते. उन्हात स्टाफ धरून उभं राहायचं, लेव्हल घ्यायची, टोटल स्टेशनसाठी भांडायचं, शीट काढायची. शीटवर सही झाली की ती कपाटात जाते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच मोजमाप. इतकी वर्षं मोजलेल्या या कॅम्पसचा वापरता येईल असा एक नकाशा आपल्याकडे नाही.

म्हणून माझी सूचना अशी. यंदाच्या बॅचने शीट कपाटात न टाकता तिच्यावरून १:४००० चा ओरिएंटिअरिंग नकाशा करावा. ओपनओरिएंटिअरिंग मॅपर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि कॉम्प्युटरवाले एका शनिवारात ते शिकतील. नकाशा करायला परवानगी लागेल का, ही शंका सरांना येईल, तर फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीयांवरची आगाऊ मंजुरीची अट काढली आहे. निशाणं म्हणजे तीस सेंटिमीटरचे कापडी चौकोन, कुठलाही शिंपी शिवून देईल. होकायंत्रं एनसीसीकडे असतात, आणि नकाशावाचन त्यांच्या अभ्यासक्रमातच आहे. चिपा नसल्या तर कागदावर पंच मारू.

आणि शर्यत रविवारी सकाळी सात वाजता ठेवावी. रात्री ठेवली तर मुलींच्या होस्टेलचं गेट बंद असतं आणि अर्धं कॉलेज नुसतं निकाल ऐकायला उरतं.

प्लेसमेंटला याचा काय उपयोग, असं कुणीतरी विचारणारच. मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की चुकल्यावर घाबरून पळत सुटायचं नसतं. थांबायचं, शेवटची खात्रीची जागा आठवायची, पाणी कुठे वाहतंय ते बघायचं आणि मग पाऊल टाकायचं. हे मी एकविसाव्या वर्षी एका गुराख्याकडून शिकलो, आणि तोवर माझे सर्व्हेइंगचे दोन पेपर सुटलेले होते.

रेक्टर सर, परवानगी द्याल ना? वर्कशॉपमागची ती वाट आम्ही नकाशावर प्रामाणिकपणे दाखवू. हवं तर जाड काळ्या रेघेने.