तिसरी खुर्ची कुठे गेली?

मागच्या आठवड्यात नव्या कामगार संहितांबद्दल मी थोडी कुरकुर केली, त्यावर पुण्याच्या भाच्याचा फोन आला. "मावशी, कारखानदारीचं धोरण कारखानदारांना विचारून नाही ठरवायचं तर काय कीर्तनकारांना विचारून ठरवायचं?" भाचा हुशार आहे, कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे आणि प्रश्नही रास्त आहे. फोनवर उत्तर पुरं झालं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी त्याचं जे बरोबर आहे ते मान्य करते. उद्योजकांनी सरकारला सल्ला देणं हे पाप नव्हे. १९२७ साली घनश्यामदास बिर्ला आणि पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी फिक्की ही संघटना उभी केली, तेव्हा परक्या सरकारपुढे देशी उद्योगाची बाजू मांडणारं कोणीतरी हवंच होतं. पुढे १९४४ मध्ये टाटा, बिर्ला, कस्तुरभाई लालभाई वगैरे आठ जणांनी 'बॉम्बे प्लॅन' मांडला. आज नवल वाटेल, पण सरकारने नियोजन करावं, उद्योगात लक्ष घालावं, असं त्यात उद्योगपतींनीच सांगितलं होतं. पोलाद कसं तयार होतं, कर्ज किती व्याजाने परवडतं, बंदरात माल किती दिवस अडकतो, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. त्याला विचारलंच पाहिजे.

माझं भांडण त्याच्या खुर्चीशी नाहीच. माझं भांडण आहे ते शेजारच्या रिकाम्या खुर्चीबद्दल.

ती खुर्ची एके काळी मांडलेली होती बरं का! १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत परिषद भरली, आणि अशा परिषदेत सरकार, मालक आणि कामगार पहिल्यांदाच समोरासमोर बसले. तिचीच पुढे भारतीय श्रम परिषद झाली. युद्ध चालू, राज्य इंग्रजांचं, तरीही कामगाराला विचारावं असं वाटणारा माणूस त्या खुर्चीत होता. आणि स्वतंत्र भारतात? या परिषदेचं ४६वं अधिवेशन जुलै २०१५ मध्ये झालं आणि पुढची दहा वर्षं ती भरलीच नाही. याच दहा वर्षांत कामगार कायदे मोडून चार संहिता झाल्या. २०१९ आणि २०२० मध्ये त्या संसदेत मंजूर झाल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला लागूही झाल्या. म्हणजे घर पाडून नवं बांधलं, पण त्यात राहणाऱ्यांना पंगतीला बोलावलंच नाही.

कोणी म्हणेल, अर्थसंकल्पाआधी कामगार संघटनांनाही भेटीला बोलावतात की. बोलावतात. पण भेटीला बोलावणं वेगळं आणि ठरवताना बरोबर बसवणं वेगळं. लग्नाला बोलावणं येणं आणि याद्या करताना बैठकीत असणं यातला फरक आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं.

कोणाचं ऐकलं गेलं ते निकालावरून पाहा. शंभर किंवा जास्त कामगार असलेला कारखाना बंद करायचा किंवा कामगार कपात करायची तर आधी सरकारची परवानगी लागे. ही मर्यादा वाढवा, असं उद्योगसंघटना वर्षानुवर्षं सांगत होत्या. संहितेत ती तीनशे झाली. कामगार संघटना वर्षानुवर्षं उलट सांगत होत्या. त्यांचं काय झालं?

बरं, एवढं ऐकून देशाचं तरी भलं झालं म्हणावं, तर तेही नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये राष्ट्रीय उत्पादन धोरण आलं. २०२२ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नात कारखानदारीचा वाटा २५ टक्के करू आणि १० कोटी रोजगार देऊ, असं त्यात होतं. मग सप्टेंबर २०१४ मध्ये 'मेक इन इंडिया' आलं. २०२२ उजाडलं आणि मावळलंही. वाटा सोळा-सतरा टक्क्यांच्या आसपासच राहिला. मग २०२५ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय उत्पादन मोहिमेची घोषणा झाली. आमच्या शाळेत पोरगं गणितात नापास झालं तर आधीची उत्तरपत्रिका काढून कुठे चुकलं ते बघायचो. इथे जुनी उत्तरपत्रिका न उघडता नवी कोरी पुरवणी हातात देतात!

आता म्हणाल, दिल्लीच्या गोष्टींशी महाड-पोलादपूरच्या म्हातारीचा काय संबंध? संबंध असा, की धोरण दिल्लीत ठरतं आणि उतरतं ते आमच्या दारात. सावित्री महाबळेश्वरी उगम पावते, पोलादपुरावरून महाडला येते आणि बाणकोटच्या खाडीला मिळते. तिच्या काठाने आमची एमआयडीसी आहे, बहुतेक कारखाने रसायनांचे. पोलादपूरच्या वाड्यावाड्यांतली पोरं तिथे ठेकेदाराकडे पाळीवर जातात. घरात चूल पेटते ती त्यावरच, हे मी विसरलेले नाही. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या एका औषध कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि कामगारांचे जीव गेले. 'नियमांचं ओझं कमी करा' हे वाक्य बैठकीत फार गोड वाटतं. त्या ओझ्यातला कुठला नियम कोणाचा जीव वाचवत होता, हे सांगायला त्या बैठकीत आगीजवळ उभा राहणारा माणूस लागतो.

काठावर राहणाऱ्यांचं काय? पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत जनसुनावणीची तरतूद आहे, पण मंजूर औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना तिच्यातून सूट आहे. म्हणजे जिथे कारखाने सर्वांत दाटीने, तिथेच लोकांना विचारण्याची गरज सर्वांत कमी! ती अधिसूचना बदलण्याचा मसुदा २०२० मध्ये आला तो इंग्रजी आणि हिंदीत. तो आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत द्या, असं दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये सांगितलं, तर सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. खाडीत जाळं टाकणाऱ्या भोयाला मराठीत मसुदा मिळू नये यासाठी केवढा हा आटापिटा!

"म्हणजे तुला कारखाने नकोत का?" हा भाच्याचा शेवटचा बाण. हवेत रे बाबा. कारखाने नसताना इथली पोरं मुंबईच्या गिरण्यांत गेली, आणि गिरण्या बंद पडल्यावर रिकाम्या हाताने परतलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणूनच सांगते, कारखाना टिकायचा तर त्याच्या धोरणात कामगार आणि गाव दोघं हवेत.

माझं मागणं मोठं नाही. श्रम परिषद दर वर्षी भरवा. धोरण ठरवताना कोणत्या संघटनेने काय मागितलं, काय मान्य केलं आणि का, हे लोकांच्या भाषेत जाहीर करा. आणि औद्योगिक वसाहतीलगतच्या ग्रामपंचायतींना जनसुनावणीचा हक्क द्या. यात एकाही उद्योजकाची खुर्ची काढून घेतलेली नाही.

जाता जाता एवढंच. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्येच झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं होतं. तरीही २० मार्च १९२७ ला माणसं चालत तळ्यापर्यंत गेली, तेव्हाच त्या पाण्याला ओंजळ लागली. फिक्की निघाली तेच हे वर्ष. उद्योजकांनी आपली खुर्ची स्वतः मिळवली, त्याबद्दल त्यांना दोष कशाला द्यायचा? आपलीही खुर्ची कोणी आपण होऊन आणून देणार नाही. ती मागावी लागेल, आणि नाही दिली तर आपणच नेऊन मांडावी लागेल.