दात कोरून पोट भरत नाही

२७ ऑक्टोबर २०१२ला ओक्लाहोमा सिटी थंडर या एनबीएमधल्या संघाने जेम्स हार्डन या आपल्या खेळाडूला ह्यूस्टन रॉकेट्सकडे धाडून दिलं. ती बातमी वाचून मला थंडरचं कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोला! "झेपत नाही ना, मग नाही घ्यायचं" हा बाणा आमच्यासारख्या मध्यमवर्गीय घरांत वाढलेल्यांना लगेच पटतो. अंथरूण पाहून पाय पसरणारे लोक आपल्याला आपलेच वाटतात.

आज इतक्या वर्षांनी मला वाटतं की ती काटकसर नव्हतीच. ते दात कोरून पोट भरणं होतं. आणि त्यानिमित्ताने दर उन्हाळ्यात अमेरिकेत नव्याने सुरू होणाऱ्या वादाबद्दल माझं मत मांडून टाकावं म्हणतो. वाद असा की आपला सर्वोत्तम खेळाडू टिकवण्यासाठी संघाने ऐपतीबाहेर खर्च करावा का?

आधी थोडी पार्श्वभूमी. जून २०१२मध्ये थंडर एनबीएच्या अंतिम फेरीत मायामीकडून ४-१ असे हरले. पण हरले तरी सगळे म्हणत होते की पुढची दहा वर्षं यांचीच. केविन ड्युरंट आणि रसेल वेस्टब्रुक तेव्हा २३ वर्षांचे, हार्डन २२चा. हार्डन तर सुरुवातीच्या पाचांतही नसायचा, बाकावरून मैदानात उतरायचा, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम राखीव खेळाडू ठरला होता. त्याला नवा करार हवा होता. तेव्हाच्या बातम्यांनुसार संघाने देऊ केले चार वर्षांचे साधारण साडेपाच कोटी डॉलर. त्याला नियमाने मिळू शकणारी कमाल रक्कम होती साधारण सहा कोटी. म्हणजे वर्षाला दहा-पंधरा लाख डॉलरवरून घोडं अडलं. मोसम सुरू व्हायला तीन दिवस उरले असताना त्याला ह्यूस्टनला पाठवलं. पहिल्या सामन्यात त्याने ३७ गुण केले, दुसऱ्यात ४५. पुढे २०१८मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ड्युरंट २०१४चा, वेस्टब्रुक २०१७चा. एका संघात, एकाच वेळी, पंचविशीच्या आतले तीन भावी सर्वोत्तम खेळाडू होते, आणि त्यातला एक दहा-पंधरा लाखांसाठी सोडला!

थंडरची बाजू समजून घेण्यासाठी थोडं नियमांत शिरावं लागेल. आयपीएलमध्ये पर्स संपली की संपली. एनबीएचं तसं नाही. तिथे पगाराची मर्यादा आहे, पण स्वतःचा जुना खेळाडू राखण्यासाठी ती ओलांडता येते. बॉस्टनच्या लॅरी बर्डच्या नावाने हा नियम ओळखला जातो. मात्र मर्यादेच्या बऱ्याच वर एक कराची रेषा असते. ती ओलांडली की वरच्या प्रत्येक डॉलरवर लीगला कर भरायचा. हार्डनचा करार लागू होणार होता २०१३-१४पासून, आणि नेमका त्याच वर्षी हा कर चढत्या दराचा झाला. पहिल्या ५० लाखांवर दीडपट, पुढच्या ५० लाखांवर पावणेदोनपट, मग अडीचपट, मग सव्वातीनपट. म्हणजे संघ रेषेच्या दीड कोटी वर गेला तर नुसता कर पावणेतीन कोटींच्या पुढे. ओक्लाहोमा सिटी हे काही लॉस एंजेलिस नव्हे. गाव लहान, टीव्हीचं उत्पन्न लहान. मालकांच्या पोटात गोळा आला असेल तर नवल नाही.

पण "जास्त खर्च" म्हणजे कशाच्या तुलनेत जास्त? हा प्रश्न मी २०१२मध्ये स्वतःला विचारलाच नव्हता.

बास्केटबॉलमध्ये एका वेळी मैदानात पाचच जण असतात. ४८ मिनिटांच्या खेळात चांगला खेळाडू सहज ३५-३८ मिनिटं खेळतो. क्रिकेटमध्ये तेंडुलकर बाद झाला की तंबूत जाऊन बसायचा, इथला तेंडुलकर पुन्हा पुन्हा फलंदाजीला येतो असं समजा. त्यामुळे एका माणसाचं वजन या खेळात जितकं आहे तितकं दुसऱ्या सांघिक खेळात क्वचितच असेल. आणि गंमत म्हणजे त्याची किंमत मात्र नियमाने बांधलेली आहे. लीगमधल्या अनुभवाप्रमाणे मर्यादेच्या २५, ३० किंवा ३५ टक्के, त्याच्या आसपासच त्याचा पगार ठरतो. खुल्या बाजारात ज्याला दुप्पट मिळाले असते तोही तेवढ्यातच मिळतो. म्हणजे खरा मोठा खेळाडू कमाल पगारातसुद्धा स्वस्तच पडतो. महाग पडतो तो "जवळजवळ मोठा" असलेला, कारण त्यालाही तेवढेच द्यावे लागतात.

अटलांटा हॉक्सने २०१०मध्ये जो जॉन्सनशी सहा वर्षांचा, सुमारे १२ कोटी डॉलरचा करार केला. त्या उन्हाळ्यात खुद्द लेब्रॉन जेम्सनेही एवढ्या रकमेचा करार केला नव्हता. जॉन्सन वाईट खेळाडू होता का? मुळीच नाही. पण संघ काही दुसऱ्या फेरीच्या पुढे गेला नाही आणि दोनच वर्षांत त्याला नेट्सकडे पाठवावं लागलं. चार आण्याची कोंबडी म्हणणार नाही मी जॉन्सनला, पण मसाला मात्र बारा आण्याचा झाला.

दुसरं उदाहरण कोबी ब्रायंटचं. एप्रिल २०१३मध्ये त्याच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. त्यानंतर एकही सामना खेळण्याआधीच, नोव्हेंबरमध्ये, लेकर्सने त्याच्याशी दोन वर्षांचा ४ कोटी ८५ लाखांचा नवा करार केला. त्या दोन मोसमांत संघाने ८२ पैकी अनुक्रमे २१ आणि १७ सामने जिंकले. हिशोबाने बघितलं तर सरळ तोटा. पण त्याने लेकर्सला पाच विजेतेपदं मिळवून दिली होती. एप्रिल २०१६मध्ये शेवटच्या सामन्यात त्याने ६० गुण केले तेव्हा त्या सभागृहातल्या एकाला तरी विचारा, की पैसे फुकट गेले का म्हणून. ती कृतज्ञता होती, आणि कृतज्ञतेलाही पैसे लागतात. फक्त तिला गुंतवणूक म्हणू नये, इतकंच.

जॉन्सन आणि कोबी यांच्यासमोर हार्डन ठेवून पाहा. तो २३ वर्षांचा होता, चढणीवर होता. त्याला द्यायचे पैसे मागच्या कर्तृत्वाचे नव्हते, पुढच्याचे होते. आणि वाचवायचेच होते तर दुसरीकडे वाचवायला जागाही होती. केंड्रिक पर्किन्स नावाच्या सेंटरला संघ वर्षाला ८०-९० लाख देत होता. २०११च्या लीग-खेळाडू करारात अशी सवलत होती की प्रत्येक संघाला एका जुन्या खेळाडूला मुक्त करता येईल. त्याचे पैसे द्यावे लागतील, पण ते मर्यादेत आणि करात धरले जाणार नाहीत. थंडरने ती सवलत वापरली नाही. घरखर्च भागत नाही म्हणून शिकणाऱ्या मुलाची फी बंद केली आणि बैठकीतला जुना सोफा तेवढा जपून ठेवला, असा प्रकार.

आता मला खरी बोचणारी गोष्ट. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण ते अंथरूण कोणी घेऊन दिलंय तेही बघावं की नाही? २००८मध्ये हा संघ सिअॅटलहून ओक्लाहोमा सिटीला आणला गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये तिथल्या मतदारांनी स्वतःवर एक टक्का विक्रीकर चालू ठेवायला मान्यता दिली, सुमारे १२ कोटी डॉलरचा. कशासाठी? क्रीडागृह सुधारून संघाला सरावाची जागा बांधून द्यायला. म्हणजे किराणा घेताना, बूट घेताना लोकांनी पैसे भरले. मग चार वर्षांनी त्या लोकांच्या आवडत्या खेळाडूच्या वेळी मालक म्हणतात, आमचं गाव लहान, आम्हाला झेपत नाही. डिसेंबर २०२३मध्ये पुन्हा मतदान झालं. किमान ९० कोटींचं नवं क्रीडागृह, त्यात मालकांचे पाच कोटी, बाकी भार लोकांवर. लोकांनी मोठ्या बहुमताने तेही मान्य केलं. लोक वेडे नाहीत. त्यांच्या शहरात तेवढा एकच मोठा संघ आहे, आणि तो गेला तर काय होतं हे सिअॅटलने पाहिलंय. पण जो संघ लोकांच्या खिशातून घर बांधून घेतो, त्याला "धंदा आहे, हिशोब बघावाच लागतो" एवढं म्हणून सुटता येऊ नये.

यावर कोणी म्हणेल, हार्डन जाऊनही थंडरने पुढच्या मोसमात ६० सामने जिंकलेच की. आणि हार्डनला तरी ह्यूस्टनमध्ये कुठे विजेतेपद मिळालं? दोन्ही खरं आहे. पण ह्यूस्टनमधल्या त्याच्या आठही पूर्ण मोसमांत संघ बाद फेरीत पोहोचला. इकडे थंडर २०१६मध्ये गोल्डन स्टेटविरुद्ध ३-१ अशा आघाडीवरून हरले आणि महिन्याभरात ड्युरंटही त्याच गोल्डन स्टेटकडे गेला. हार्डन असता तर ड्युरंट थांबला असता, असं मी म्हणणार नाही. जर-तरला अर्थ नसतो. पण एक गोष्ट जर-तरची नाही. टीव्हीच्या नव्या करारामुळे पगाराची मर्यादा २०१५-१६मधल्या ७ कोटींवरून पुढच्याच वर्षी ९ कोटी ४१ लाखांवर गेली. २०१२मध्ये जो पगार डोळे पांढरे करत होता तो चार वर्षांत सामान्य वाटू लागला. टीव्हीचा जुना करार कधी संपणार हे २०१२मध्येही सगळ्यांना ठाऊक होतं.

मग काय, डोळे मिटून पैसे ओतावेत? नाही. आणि २०२३च्या नव्या लीग-खेळाडू करारानंतर तर नाहीच. आता कराच्याही वर आणखी एक रेषा आहे. ती ओलांडली की नुसते पैसे जात नाहीत, हातच बांधले जातात. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही, सात वर्षांनंतरच्या पहिल्या फेरीतली निवड गोठवली जाते. २०२४चा विजेता बॉस्टन २०२५च्या उन्हाळ्यात याच भीतीने जुरू हॉलिडे आणि क्रिस्टाप्स पोर्झिंगिस यांना सोडून मोकळा झाला. पण कोणाला राखलं बघा. जेसन टेटमला, जो नुकताच मोठ्या दुखापतीने पडला होता आणि ज्याचा करार ३० कोटींच्या वर होता. छाटणी केली ती फांद्यांची. खोडाला हात लावला नाही. माझ्या मते हेच बरोबर आहे. ऐपतीबाहेर खर्च करायचाच तर एका खऱ्या मोठ्यासाठी करावा, आणि त्याची भरपाई बाकीच्या पाच "बऱ्यापैकी" लोकांकडून करावी. बहुतेक संघ नेमकं उलटं करतात.

थंडरने अखेर २०२५मध्ये विजेतेपद मिळवलं, शे गिल्जस-अलेक्झांडरच्या जोरावर. त्यानंतर त्याच जुलैमध्ये त्याच्याशी चार वर्षांचा साडेअठ्ठावीस कोटींचा करार झाला. जेलेन विल्यम्स आणि चेट होमग्रेन या दोन तरुणांशीही झाले. तिघांचे मिळून जास्तीत जास्त धरले तर ८० कोटींच्या वर जातात. तेच गाव, तेच मालक, आणि संघ चालवणारा माणूसही तोच, सॅम प्रेस्टी, ज्याने २०१२मध्ये हार्डनला सोडलं होतं. पुन्हा तीन तरुण होते, पुन्हा बिल मोठं होतं. या वेळी त्याने तिघांनाही राखलं.

त्यामागचा हिशोब त्याचा त्याला ठाऊक. पण काही मतं बदलायला तेरा वर्षं लागतात, याचं मला आता फारसं आश्चर्य वाटत नाही. मलाही तेवढीच लागली.